धावून थांबल्यावर डोळ्यांपुढे अंधारी का येते?

प्रश्न : वय ३४. रोज अर्धा तास धावतो. धावताना काहीच त्रास नाही, पण थांबून उभा राहिलो की मिनिटभरात अंधारी येते. हृदयाचं दुखणं असेल का?

उत्तर : त्रास थांबल्यावरच होतो, हे तुम्ही नेमकं टिपलंत. अशा वेळी कारण बहुधा एकदम थांबण्यात असतं.

स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. जोरात धावताना १५ ते २० लिटर. त्यातलं बरंचसं पायांच्या स्नायूंकडे जातं, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. ते परत वर चढवायला पोटरी लागते. उभ्या उभ्या टाचा उचला आणि पोटरीला हात लावून पाहा, ती दगडासारखी घट्ट होते. प्रत्येक पावलाला ती अशी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपांमुळे रक्त वरच सरकतं. तुम्ही थांबलात की हा पंप बंद. रक्तवाहिन्या मात्र बराच वेळ सैलच. रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी येतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त अपुरं पडतं. उकाड्यात हे जास्त होतं, कारण त्वचेकडेही रक्त वळलेलं असतं, शिवाय घामातून पाणी गेलेलं असतं.

म्हणून शेवटची १० मिनिटं वेग उतरवत न्या. आधी ३-४ मिनिटं अगदी हळू धावा, मग चालत राहा. न अडखळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं की थांबा. लगेच कडकडीत पाण्याने अंघोळ नको, त्याने रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. तरी अंधारी आलीच तर उभं राहून सावरायचा हट्ट करू नका. तिथेच आडवे व्हा, पाय उंच ठेवा.

मात्र धावत असतानाच चक्कर आली, छातीत दडपण आलं, ठोके चुकल्यासारखे वाटले किंवा शुद्ध हरपली, तर धावणं बंद ठेवून आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि ईसीजी करून घ्या. घरात कुणाला तरुणपणी अचानक मृत्यू आला असेल किंवा तुम्हाला रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही त्यांना सांगा.

प्रश्न : पहिली पाच मिनिटं फार धाप लागते, मग सोपं जातं. असं का?

उत्तर : स्नायूंची प्राणवायूची गरज पहिल्या पावलालाच वाढते, हृदय आणि फुप्फुसांना तिथवर पोचायला २-३ मिनिटं लागतात. तोवर स्नायू प्राणवायूविना ऊर्जा काढतात, म्हणून धाप. आधी ५ मिनिटं झपझप चाला, ही उणीव बरीच भरून निघेल.