जास्वंदीच्या कळ्या गळतायत म्हणून झाड फेकू नका

ताई, नर्सरीतून आणलेली हायब्रीड जास्वंद पंधरा दिवसांत रुसली म्हणता, पण दोष बहुधा मातीचा आहे. आपल्या परभणीकडची काळी माती नुसती कुंडीत भरली की पाणी वरच तुंबतं आणि मुळं कुजतात. अर्धी माती, बाकी जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत घ्या. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा, पण भोक बुजवू नका.

पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसतंय ना? ती लोहाची कमतरता. जमीन चुनखडीची, बोअरचं पाणी जड. लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, फवारा, जमेल तेव्हा पावसाचं पाणी घाला. मी दोन वर्षं नुसता युरिया टाकत बसलो होतो. झाड पाल्यानं माजलं, फूल मात्र एक नाही!

मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की कळ्या गळणारच. दुपारी शेडनेट, पाणी सकाळी. कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशनं पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा.

मृगाचा पाऊस पडला की छाटा, हात आखडू नका. फूल नव्या फुटव्यालाच येतं. तोवर गणपतीला शेजारची गावठी लाल जास्वंद मागून आणा.