जुना करार म्हणजे कर्मांचा आणि नवा करार म्हणजे कृपेचा, असं आहे का?

तुम्ही विचारलंय की कर्मांचा करार (आज्ञा पूर्ण पाळ, मग जीवन) म्हणजे जुना करार आणि कृपेचा करार (जीवन ख्रिस्तामुळे फुकट) म्हणजे नवा करार असं धरलं तर चालेल का, आणि तसं असेल तर देवाने मधेच नियम बदलले का. नाही, तसं धरू नका. बायबलच्या दोन भागांची नावंच तशी आहेत म्हणून हा घोळ खूप जणांचा होतो, पण ज्यांनी ही शिकवण मांडली त्यांच्या मते कर्मांचा करार उत्पत्तीच्या २ऱ्या अध्यायात होतो, ३ऱ्या अध्यायात मोडतो आणि त्याच ३:१५ पासून कृपेचा करार सुरू होतो, जिथे देव सर्पाला सांगतो की स्त्रीचं संतान तुझं डोकं ठेचील.

ही मांडणी सगळ्या ख्रिस्ती लोकांची नाही हे पण लक्षात ठेवा. ही मुख्यतः प्रोटेस्टंटांमधल्या रिफॉर्म्ड आणि प्रेस्बिटेरियन परंपरेची. झुरिकच्या बुलिंगर या धर्मसुधारकाने १५३४ मध्ये देवाच्या एकाच सनातन कराराबद्दल लिहिलं, पुढे १६४६ मध्ये लंडनला तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीच्या (म्हणजे चर्च काय मानतं ते लिहून ठेवलेल्या जाहीरनाम्याच्या) ७व्या प्रकरणात दोन्ही करार नीट मांडले गेले. तीच कबुली मानणाऱ्या स्कॉटिश चर्चमधून जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, म्हणजे आपल्याकडेही ही परंपरा बरीच जुनी आहे. पण वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक मित्राला विचारलंत तर त्याने ही जोडी बहुतेक ऐकलेली नसेल, त्यांच्या चर्चमध्ये हा विषय वेगळ्या पद्धतीने शिकवतात.

आता आदाम. देव त्याला सगळी बाग देतो, एका झाडाचं फळ खायचं नाही, खाल्लंस तर मरशील. काही जण म्हणतात की तिथे करार हा शब्दच नाही, आणि ते खरं आहे. त्यावर उत्तर म्हणून दुसरे होशेय ६:७ (आदामाप्रमाणे त्यांनी करार मोडला) दाखवतात पण त्या वचनाचा अर्थ दुसराही लागतो, त्यामुळे मी तरी त्यावर फार भार टाकत नाही. मला पटतं ते रोमकरांस पत्राच्या ५व्या अध्यायामुळे. पौल तिथे दोन माणसं समोरासमोर ठेवतो. एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी ठरले, एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील. म्हणजे आदाम त्या बागेत स्वतःपुरता उभा नव्हता, आपल्या सगळ्यांच्या वतीने उभा होता, आणि ख्रिस्तही तसाच त्याच्या लोकांच्या वतीने उभा राहिला.

आणि इथेच तुमच्या नियम बदलले का या प्रश्नाचं उत्तर आहे. देवाने आदामाकडे पूर्ण आज्ञापालन मागितलं होतं ते नंतर कमी करून निम्म्यावर आणलं नाही. ते पूर्णच मागितलं, फक्त ते येशूने भरलं. आदाम भरल्या बागेत पडला, येशू रानात चाळीस दिवस उपाशी असताना टिकला, आणि मोडलेल्या कराराची शिक्षा पण त्यानेच वधस्तंभावर घेतली. इब्री लोकांस पत्राच्या ७व्या अध्यायात त्याला जामीन म्हटलंय ते अगदी बरोबर बसतं. कृपा आपल्याला फुकट आहे, त्याला ती फुकट पडलेली नाही, आणि हे ज्याला कळलं तो कृपेला स्वस्त समजूच शकत नाही असं मला मनापासून वाटतं.

उत्पत्तीचा १५वा अध्याय जरूर वाचा, शक्यतो आजच. अब्राहाम (तेव्हा अब्राम) जनावरं कापून समोरासमोर ठेवतो. त्या काळी करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असंच होवो, यिर्मया ३४ मध्येही ही रीत दिसते. पण इथे अब्राहामाला गाढ झोप लागते आणि धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. चालला फक्त देव! अब्राहामाला चालायला सांगितलंच नाही, आणि हे सगळं जुन्या करारात आहे, मग जुना करार म्हणजे नुसती कर्मं कसं म्हणणार?

मग मोशेचं नियमशास्त्र कुठे बसतं, हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच. यावर रिफॉर्म्ड लोकांतच वाद आहेत, कारण लेवीय १८:५ मध्ये पाळशील तर जगशील असा सूर आहे आणि पौल तेच वचन विश्वासाच्या विरुद्ध बाजूला ठेवतो. पण वेस्टमिन्स्टरवाले नियमशास्त्र कृपेच्या करारातच धरतात आणि मला तेच जास्त पटतं. गलतीकरांस ३:१७ मध्ये पौल म्हणतो की ४३० वर्षांनंतर आलेलं नियमशास्त्र आधीचं वचन रद्द करू शकत नाही. आणि दहा आज्ञांच्या आधीचं वाक्य बघा ना, मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणलं. आधी सोडवलं, मग आज्ञा दिल्या.

बाळांच्या बाप्तिस्म्याचा वाद पण बराचसा इथूनच निघतो. प्रेस्बिटेरियन म्हणतात करार एकच, अब्राहामाच्या मुलांना सुंता होती तशी विश्वासणाऱ्यांच्या मुलांना बाप्तिस्मा. बॅप्टिस्ट म्हणतात यिर्मया ३१ मधला नवा करार फक्त देवाला ओळखणाऱ्यांशी आहे, म्हणून आधी विश्वास मग बाप्तिस्मा. तुमची मंडळी यातली कुठली आहे ते कळवलंत तर त्या बाजूने कुठली वचनं आधी वाचायची ते लिहितो.