स्वस्त मजुरी आणि महाग माल

प्रश्न : जर्मनी, जपान, स्वित्झर्लंड या देशांत कामगारांना भरघोस वेतन द्यावे लागते, तरी तेथील यंत्रे जगभर विकली जातात. उलट अत्यल्प मजुरी असलेले कित्येक देश निर्यातीत मागे आहेत. असे का? आणि चलन स्वस्त केले की निर्यात वाढते, हे कितपत खरे आहे?

उत्तर : मजुरीचा दर आणि मजुरीचा खर्च एकच मानल्यामुळे हे कोडे पडते. परदेशी ग्राहक कामगाराचा तास विकत घेत नाही, तयार नग घेतो. समजा, एका देशात कामगाराला तासाला ४ डॉलर मिळतात आणि तेवढ्या वेळात त्याच्या हातून २ नग होतात. दुसऱ्या देशात ३० डॉलर मिळतात, पण चांगली यंत्रे, अखंड वीज आणि प्रशिक्षण यांच्या बळावर तासाला २० नग निघतात. पहिल्या देशात नगामागे मजुरी २ डॉलर पडली, दुसऱ्यात दीड. त्यातच पहिल्या कारखान्यातील शंभरांपैकी दहा नग तपासणीत बाद झाले, तर शंभर नगांची मजुरी आणि कच्चा माल उरलेल्या नव्वद नगांवर चढतो. (भारी यंत्रे फुकट येत नाहीत, हे खरे, त्यांचा खर्च धरला की अंतर घटते, कधी उलटतेही. पण तुलना करायची ती नगाचीच.)

शिवाय सगळा निकाल किमतीवरच लागतो, असेही नाही. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट पुढे आणली. महायुद्धोत्तर काळात जपान आणि पश्चिम जर्मनी यांचा नगामागील मजुरीखर्च ब्रिटन-अमेरिकेच्या तुलनेत वाढत होता, तरीही निर्यातीतील वाटा वाढत होता तो याच दोघांचा. छापखान्याचे यंत्र घेणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले की याचा उलगडा होतो. यंत्र एक दिवस बंद पडले तर त्याचे जे नुकसान होते, त्यापुढे खरेदीच्या वेळी मिळालेली सूट किरकोळ ठरते. म्हणून सुटे भाग लगेच मिळतील आणि दुरुस्ती जाणणारा माणूस वेळेवर येईल, या खात्रीसाठी तो आनंदाने जादा पैसे मोजतो.

माल वेळेवर पोहोचणे हाही मालाचाच गुण आहे, आणि येथे कारखानदाराच्या हातात फारसे काही नसते. एप्रिल १९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतील नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, आणि पुढे या पद्धतीमुळे जहाज भरण्या-उतरवण्याचे दिवसांचे काम तासांवर आले. मात्र तोच कंटेनर सीमाशुल्काच्या कागदांसाठी बंदरात आठवडाभर पडून राहिला, तर वाचवलेले तास वाया जातात. थंडीसाठी शिवलेली जाकिटे केवळ आयात केलेल्या चेन बंदरात अडकून पडल्यामुळे महिनाभर उशिरा पोहोचली, तर शिलाई कितीही स्वस्त असली तरी हंगाम गेलेलाच असतो.

त्या चेनवर आयातशुल्क असेल, तर दुखणे आणखी वाढते. देशी उत्पादकांना संरक्षण म्हणून सुटे भाग, पोलाद, रसायने यांवर शुल्क लावण्याचा मोह सर्वच सरकारांना होतो. पण त्याचा बोजा हेच पदार्थ वापरून निर्यात करणाऱ्यावर पडतो, आणि परदेशातील ग्राहक काही त्याची भरपाई करत नाही. आयातीवरील कर हा परिणामी निर्यातीवरील कर ठरतो, हे अर्थतज्ज्ञ अॅबा लर्नर यांनी १९३६ मध्येच तर्काने मांडले होते. नव्या उद्योगाला काही काळ आधार द्यावा, याला माझा विरोध नाही. मुदत न ठरवता दिलेला आधार मात्र मला घातक वाटतो. नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी अतिसूक्ष्म चिप छापणारी जी यंत्रे बनवते, त्यांतील आरसे जर्मनीतील झाइस कंपनीचे असतात. सर्वोत्तम भाग जगात जेथे मिळेल तेथून विनासायास आणता येणे, हेही बळच आहे.

आता चलनाविषयी. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात डॉलर स्वस्त करण्यासाठी पाच देशांचा करार झाला, तेव्हा डॉलरला सुमारे २४० येन मिळत. १९८७ च्या आरंभी हा दर १५० च्या आसपास आला. येन इतका महागूनही अमेरिकेशी असलेल्या व्यापारातील जपानचे आधिक्य लगेच ओसरले नाही. जपानी कंपन्यांनी नफा कमी केला, खर्च छाटले आणि काही उत्पादन आग्नेय आशियात हलवले. चलन स्वस्त झाल्याने फायदा होतोच, पण तो मालात देशाची स्वतःची भर जेवढी असेल त्या प्रमाणात. २००९ मधील आयफोनच्या एका हिशेबानुसार सुमारे १७९ डॉलरच्या उत्पादनखर्चात चीनमधील जुळणीचा वाटा अवघा साडेसहा डॉलर होता. अशा मालात चलन दहा टक्के उतरले, तर उत्पादनखर्च जेमतेम ६५ सेंटने घटतो. बाकीचे भाग बाहेरून डॉलरमध्येच यावे लागतात.