जुनी सॅक्सन आणि जुनी इंग्रजी या एकच भाषा का?

नाही, त्या सख्ख्या बहिणी आहेत. पाचव्या शतकात सॅक्सन या जर्मानिक टोळीतले काही लोक अँगल आणि ज्यूट या टोळ्यांसोबत ब्रिटनमध्ये गेले. त्यांच्या बोलींतून जुनी इंग्रजी घडली. उत्तर जर्मनीत राहिलेल्यांची ती जुनी सॅक्सन, आजच्या लो जर्मनची (उत्तर जर्मनीतल्या बोलींची) पूर्वज. तिचा मुख्य पुरावा म्हणजे नवव्या शतकातलं, सुमारे ६,००० ओळींचं ‘हेलियांड’ हे ख्रिस्तचरित्रकाव्य. जर्मनपासून वेगळी ओळखायची खूण सोपी: ‘पाच’साठी ‘फीफ’ (इंग्रजी ‘फाइव्ह’, जर्मन ‘फ्युन्फ’), म्हणजे इंग्रजीसारखं ‘न्’ हे अनुनासिक गळलेलं; पाण्यासाठी ‘वाटर’, जर्मनसारखं ‘वासर’ नाही. मात्र ड्रेस्डेनचं आजचं सॅक्सनी राज्य ही सॅक्सनांची मूळ भूमी नव्हे. ते नाव पुढे पूर्वेकडे सरकलं; मूळ प्रदेश मुख्यतः आजच्या लोअर सॅक्सनी आणि वेस्टफालियात येतो.