जँगो आणि चार्ली क्रिश्चनच्या आधीचा, सगळे विसरलेत असा जाझ गिटारिस्ट कोण? त्याचं काय ऐकावं, आणि त्याच्यानंतर काय?

स्नूझर क्विन.

नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, गिटार वाजवणाऱ्या मित्रांच्या ग्रुपमध्ये हे नाव टाकून बघा, बहुतेक जण "हा कोण बाबा?" म्हणतील. तुम्ही लिहिलंय की जँगो राइनहार्ट आणि चार्ली क्रिश्चन, म्हणजे जाझ गिटारमधली दोन सगळ्यात गाजलेली नावं, ऐकून झालेत, आता त्यांच्या मागे जायचंय आणि असं कोणीतरी हवंय ज्याची रेकॉर्डिंग्ज पटकन सापडत नाहीत. मग हाच माणूस. फक्त एक आधीच सांगतो, याचं पुढे येऊन वाजवलेलं जे ऐकायला मिळतं ते सगळं मिळून एका एलपीत (मोठ्या रेकॉर्डवर) मावतं, आणि त्यातलंही जवळजवळ सगळं तो हॉस्पिटलमध्ये टीबीने आजारी असताना रेकॉर्ड केलेलं आहे. तरुणपणीचा, फॉर्ममधला स्नूझर एकट्याने वाजवतोय असं एकही रेकॉर्ड आज कोणाच्या हातात नाही. तेव्हा त्याला ऐकायचं म्हणजे थोडं कानाने आणि थोडं अंदाजाने.

आधी माणूस कोण ते सांगतो. खरं नाव एडविन मॅकिंटॉश क्विन, जन्म 1907, मिसिसिपी राज्यातल्या मॅकोम्ब गावात, वाढला शेजारच्या लुइझियानातल्या बोगलूसाला. बोगलूसा म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरणीभोवती उभं राहिलेलं गाव, त्या काळात ती जगातली सगळ्यात मोठी सॉमिल म्हणून ओळखली जायची. पोरवयातच बँडमध्ये वाजवायला लागला, मग टेक्ससमध्ये पेक केली नावाच्या पियानिस्टच्या बँडमध्ये. या पेक केलीचा किस्सा वेगळाच आहे, मोठमोठ्या लोकांनी बोलावूनही हा गडी ह्यूस्टन सोडायला तयार नव्हता. ट्रॉम्बोनवाला जॅक टीगार्डन त्याच्याच बँडमधून पुढे आला. म्हणजे स्नूझर काही कुठल्या कोपऱ्यातला हौशी कलाकार नव्हता, बरोबरीचे लोक तगडे होते.

1928 मध्ये दोन गोष्टी झाल्या. पहिली, व्हिक्टर कंपनीची रेकॉर्डिंगची टीम सॅन अँटोनियोला आली होती तेव्हा त्याने काही सोलो वाजवले. कंपनीने ते बाजारात आणलेच नाहीत आणि त्या मूळ प्रती आजपर्यंत कोणाला सापडलेल्या नाहीत. दुसरी, पॉल व्हाइटमनचा ऑर्केस्ट्रा न्यू ऑर्लिन्सला आला. व्हाइटमन म्हणजे त्या वेळचा अमेरिकेतला सगळ्यात पैसेवाला बँडलीडर, आणि त्याच्याकडे तेव्हा कॉर्नेटवर (ट्रंपेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) बिक्स बायडरबेक आणि सॅक्सोफोनवर फ्रँकी ट्रमबाउअर होते. या दोघांनी स्नूझरला ऐकलं, वेडे झाले, आणि त्याला व्हाइटमनसमोर नेऊन वाजवायला लावलं. व्हाइटमनने त्याला बँडमध्ये घेऊन टाकलं.

एवढं वाचून वाटतं की आता गाडी सुटली, पण नाही, इथेच सगळं अडलं. त्या काळी बँडमध्ये तालाला बँजो असायचा, गिटार नाही, कारण बँजोचा आवाज हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि 1925 च्या आधी रेकॉर्डिंगही मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून व्हायचं, त्यात बँडमधल्या गिटारचा आवाज नीट पोचायचा नाही. लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडमध्ये जॉनी सेंट सिर जास्त करून बँजोच घेऊन बसलेला दिसतो तो त्यामुळेच. 1925 ला मायक्रोफोनने रेकॉर्डिंग सुरू झालं आणि मग कुठे गिटारला जीव आला. एडी लँग नावाच्या गिटारिस्टने त्याचा बरोबर फायदा उठवला, तो पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने) एकेक सूर स्वच्छ, टोकदार वाजवायचा, माइकला हवं तसं. स्नूझर मात्र बोटांनी वाजवायचा, खाली बेस (जाड सूर), मध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि वर चाल, हे तिन्ही एकाच गिटारवर एकाच वेळी. सात-आठ जण खोलीत बसलेत आणि हा वाजवतोय, असं असेल तर जादू. व्हाइटमनच्या पंचवीस-तीस वादकांच्या ऑर्केस्ट्रात, ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या मागे बसून? कोणाला ऐकू जाणार? व्हाइटमन त्याला स्टेजपेक्षा हॉटेलच्या खोलीत, पार्टीत, पाहुण्यांसमोरच जास्त वाजवायला लावायचा असं सांगतात, आणि मला ते पटतं. ट्रमबाउअरच्या 1929 च्या काही रेकॉर्ड्सवर वादकांच्या यादीत त्याचं नाव आहे, पण ती ऐकाल तर मागे नुसती तालाची गिटार, ती कोणीही वाजवू शकलं असतं. 1929 लाच तो व्हाइटमनकडून बाहेर पडला आणि त्याच वर्षी तिकडे एडी लँग आला. पुढे 'किंग ऑफ जाझ' या 1930 च्या रंगीत सिनेमात व्हाइटमनच्या बँडबरोबर लँग दिसतो, स्नूझर नाही.

मग तो परत आपल्या भागात आला. जिमी डेव्हिस नावाच्या गायकाबरोबर तिसाच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने काही रेकॉर्ड्स केली, हा डेव्हिस म्हणजे तोच जो पुढे 1944 ते 1948 आणि मग परत साठच्या दशकात लुइझियानाचा गव्हर्नर झाला (हो, खरोखरचा, आणि गाणं न सोडता). पण ते कंट्री म्युझिक, तिथे गायकाच्या मागे वाजवायचं असतं. त्यानंतर दारू, छोटी-मोठी कामं, शेवटी टीबी.

आता मुद्द्याची रेकॉर्डिंग्ज. जॉनी विग्ज नावाचा न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेट वाजवणारा, स्नूझरला तरुणपणापासून ओळखणारा. त्याला कळत होतं की हा माणूस आता फार दिवसांचा सोबती नाही आणि याचं काहीच मागे राहिलेलं नाही. 1948 मध्ये तो डिस्क कापायचं मशीन घेऊन थेट हॉस्पिटलमध्ये गेला. हे मशीन कसं असतं ते सांगतो, कारण आवाज तसा का आहे हे त्यावरच कळतं. अॅल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारखा मऊ थर दिलेला असतो, सुई तो थर कापत कापत तिथल्या तिथे रेकॉर्ड तयार करते, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. एडिट वगैरे काही नाही, चुकलं तर नवीन तबकडी घ्यायची. आणि थर मऊ असल्यामुळे प्रत्येक वेळी वाजवली की तबकडी थोडी झिजते, नुसती ठेवली तरी काही वर्षांनी थराला भेगा पडतात, तो अॅल्युमिनियमपासून सुटायला लागतो, वर पांढरट बुरशीसारखं काहीतरी येतं. अशा तबकड्यांवरून आलेलं संगीत आपण आज ऐकतोय हेच नवल आहे. काही ठिकाणी स्नूझर एकटा आहे, काही ठिकाणी विग्ज कॉर्नेट घेऊन बरोबर वाजवतो. 1949 ला स्नूझर गेला, बेचाळिशीच्या आसपास. रेकॉर्डिंग्ज पडून राहिली आणि जवळजवळ वीस वर्षांनी फॅट कॅट्स जाझ नावाच्या छोट्या लेबलने 'द लेजंडरी स्नूझर क्विन' नावाने त्यांची एलपी काढली. तीही मोजक्या लोकांपर्यंत गेली. आता मात्र ही ट्रॅक्स यूट्यूबवर सहज सापडतात आणि काही वर्षांपूर्वी त्याच्यावर इंग्रजीत एक पुस्तकही आलंय ज्यात हे सगळं नोटेशन करून दिलंय, गिटार वाजवत असाल तर शोधा.

ऐकायचं कसं? हेडफोन लावा, कारण फोनच्या स्पीकरवर फक्त खरखर ऐकू येईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. सुरुवात 'स्नूझर्स टेलिफोन ब्लूज'पासून करा, मग 'जॉर्जिया ऑन माय माइंड'. पहिल्या वेळी फक्त वरची चाल ऐका. दुसऱ्या वेळी तीच चाल सोडून द्या आणि तिच्या खाली काय चाललंय ते ऐका, कॉर्ड कसे बदलतात, एक सूर धरून ठेवून बाकीचे दोन कसे सरकतात. हे सगळं एकाच माणसाच्या दोन हातांतून येतंय. मी दोन-चार ओळी बसवायचा प्रयत्न केलाय आणि त्रास उजव्या हाताचा होत नाही, डाव्याचा होतो, करंगळीवर चाल आणि बाकी तीन बोटांत कॉर्ड असं सतत ताणून धरावं लागतं, पाच मिनिटांत हात दुखतो. त्याच्याबद्दल एक किस्सा सांगतात की तो उजव्या हाताने समोरच्याशी शेकहँड करायचा आणि नुसत्या डाव्या हाताने गाणं वाजवत राहायचा. थापा वाटतात ना? पण गिटारच्या पडद्याजवळ (फ्रेटजवळ) तारेवर बोट जोरात आपटलं की सूर निघतो, हे कुठलाही गिटारवाला करून बघू शकतो. त्यात पूर्ण गाणं वाजवायचं म्हणजे बोटांत केवढी ताकद लागेल ते बघा, पण अशक्य नाही.

आणि एक गोष्ट, जी मला या रेकॉर्डिंग्जमध्ये सगळ्यात जास्त लागते. गाण्यांची यादी बघा. 'सिंगिंग द ब्लूज', 'क्लॅरिनेट मार्मलेड', 'यू टुक अॅडव्हांटेज ऑफ मी'. पहिली दोन ट्रमबाउअर आणि बिक्सने 4 फेब्रुवारी 1927 ला, एकाच दिवशी रेकॉर्ड केलेली, त्यात गिटारवर एडी लँग. तिसरं व्हाइटमनने 1928 मध्ये केलं, त्यात बिक्स आणि ट्रमबाउअर आलटून पालटून वाजवतात. बिक्स 1931 ला गेला, वय 28. लँग 1933 ला टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर गेला, वय 30. आणि इकडे 1948 साली, जाझमध्ये बीबॉप ही नवी शैली येऊन चार्ली पार्करची हवा झालेली असताना, हा आजारी माणूस 1927-28 चं संगीत वाजवतोय. विग्ज स्वतः बिक्सचा भक्त होता, त्यामुळे यादी त्याने सुचवली असणं शक्य आहे. तरी 'क्लॅरिनेट मार्मलेड'सारखी धावपळीची, फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी केलेली चीज गिटारवर घ्यायची हिंमत तर त्याचीच.

काही लोक लिहितात की हाच पहिला खरा जाझ गिटारिस्ट, लँग वगैरे सगळे नंतर. मला हे पटत नाही. निक लुकासने 1922 मध्येच 'पिकिंग द गिटार' आणि 'टीझिंग द फ्रेट्स' अशी सोलो रेकॉर्ड्स केली होती, आणि लँगचं 1927 चं 'एडीज ट्विस्टर' आजही ऐकायला मिळतं, अंदाज करायची गरज नाही. आपल्याकडे अल्लादियाखाँसाहेब किंवा भास्करबुवा बखले यांचं गाणं रेकॉर्डवर नाही, ज्यांनी ऐकलं त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपण मानतो, आणि त्यांच्या शिष्यांच्या गाण्यातून थोडंफार हाताला लागतं. स्नूझरचं तेही नाही, शिष्यपरंपरा नाही. म्हणून मी त्याला "पहिला" म्हणणार नाही, पण बोटांनी बेस-कॉर्ड-चाल एकत्र वाजवायची जी रीत पुढे चेट अॅटकिन्स, जॉर्ज व्हॅन एप्स, जो पास यांच्यामुळे सगळ्यांना माहीत झाली, ती हा माणूस विसाच्या दशकात जाझमध्ये वाजवत होता, हे त्याला ऐकलेल्या वादकांनी सांगितलंय आणि 1948 च्या तबकड्या त्याला पुरावा आहेत. इतकं पुरेसं आहे.

व्हिक्टरचे ते 1928 चे सोलो सापडतील का? जुन्या कंपन्यांच्या रेकॉर्डिंगच्या वह्या आता ऑनलाइन शोधता येतात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा कॅम्पसची डिस्कोग्राफी आहे, फुकट आहे, तिथे बाजारात न आलेल्या रेकॉर्ड्सच्याही नोंदी असतात. वहीत नोंद असणं आणि तबकडी असणं यात फरक आहे. पण टेस्ट प्रती कधीकधी कलाकाराला किंवा ओळखीच्याला दिल्या जायच्या आणि पन्नास-साठ वर्षांनी कोणाच्या तरी माळ्यावरून निघाल्यात, जाझमध्ये असं झालेलं आहे. मी फार आशा धरत नाही, पण अगदी सोडलेलीही नाही.

याच्या नंतर काय ऐकायचं तेही विचारलंय तुम्ही. काळा गिटारिस्ट लॉनी जॉन्सन आणि गोरा एडी लँग यांचे 1928-29 चे दोन गिटारचे ड्युएट्स, त्यात लँगने 'ब्लाइंड विली डन' हे खोटं नाव लावलंय, कारण तेव्हा गोरा आणि काळा एकत्र वाजवतात हे लेबलवर छापायची कंपनीची तयारी नव्हती. मग डिक मॅकडोनो आणि कार्ल क्रेसचं 1934 चं 'स्टेज फ्राइट'. आणि ऑस्कर आलेमान, अर्जेंटिनाचा, त्याने 1938 ला कोपनहेगनमध्ये एकट्याने वाजवलेलं 'नोबडीज स्वीटहार्ट' आणि 'व्हिस्परिंग'. आलेमानचं रेकॉर्डिंग स्वच्छ आहे, तोही बोटांनी वाजवतो, त्यामुळे त्याच्यानंतर लगेच परत स्नूझर लावा, त्या खरखरीच्या मागे काय काय दबलंय ते जास्त नीट ऐकू येईल.