भाताचा गुंठा न मोडता तीन किलोवॅटची सोय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून आपण विचारले आहे की, घर कौलारू आहे, असलेली तीस गुंठे जमीन सगळी भाताखाली आहे, तर तीन किलोवॅटच्या सौर संचासाठी त्यातले दोन गुंठे मोकळे करावेत का? माझे स्पष्ट मत आहे की भाताच्या जमिनीला हात लावू नये. साडेपाचशे वॅटचे पॅनेल सुमारे साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. अशी सहा पॅनेल १७० चौरस फुटांत मावतात आणि पुसण्यासाठी वाट सोडली तरी अडीचशे चौरस फूट पुरतात. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा असतो, हे लक्षात घेतले की दोन गुंठ्यांचा प्रश्नच उरत नाही.

पहिली जागा गोठ्याचे छप्पर. सहा पॅनेलचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते, त्यामुळे भाराची भीती फारशी नसते. खरी भीती पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्याची, कारण तो पॅनेलखाली शिरून सगळे वर उचलू पाहतो. म्हणून सांगाडा नुसत्या पत्र्याला न जोडता पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पाइपांना बोल्टने आवळून घ्यावा, आणि शेणमुताच्या वाफेने लोखंड लवकर गंजते म्हणून तो जस्ताचा मुलामा दिलेलाच घ्यावा. पत्रे सिमेंटचे असतील तर त्यांवर कोणालाही चढू देऊ नये. ते आधी बदलावेत.

पॅनेल शक्यतो दक्षिणेकडे तोंड करून बसवतात, पण छपराचा उतार उत्तरेकडे असला तरी निराश होऊ नये. आपल्याकडे मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेलाच असतो, त्यामुळे उतार कमी असेल तर वर्षाचे नुकसान बेताचे राहते. सावली मात्र चालत नाही. फणसाची एक फांदी एका पॅनेलवर आली तरी त्याला तारेने जोडलेल्या साखळीतल्या बाकीच्यांची वीज घटू शकते, म्हणून डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठवर पोहोचते ते स्वतः उभे राहून पाहावे.

गोठा जमत नसेल तर अंगणावर नऊ फूट उंच सांगाडा उभारावा. खर्च वाढतो, पण खाली सरपण आणि गाडी राहते. जुन्या कौलांवर बसवायचे असेल तर वासे सुताराकडून तपासून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

पैशांचा विचारही करावा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, परंतु गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत घरगुती विजेच्या योजनेमुळे आपले बिल शून्य येत असेल तर घाई करण्याचे कारण नाही. वापर गृहज्योतीच्या मर्यादेपलीकडे जाऊन बिल येत असेल तर अर्ज करण्याआधी आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा वीजजोडणीचा क्रमांक, कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. तो वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असल्यास आधी हेस्कॉम या वीज कंपनीकडे नाव बदलून घ्यावे, आणि गोठा सामाईक असेल तर भावांची संमती लेखी घ्यावी.