बिल्ला, चपरास आणि डावं-उजवं

प्रश्न असा आला आहे: पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका ब्रिटिश सैनिकाच्या छायाचित्रात मनगटाच्या जरा वर, बाहीवर, फुलीसारखी दोन निशाणं (म्हणजे झेंडे) शिवलेली दिसतात. या 'पदकाला' मराठीत नेमकं काय म्हणावं?

पदक तर मुळीच नव्हे! गणवेशावर जे जे चिकटलेलं दिसेल त्याला पदक म्हणायची खोड कधी जाणार कोण जाणे. पदक छातीवर. कोनाकार पट्ट्या म्हणजे फिती (शब्द पोर्तुगीज, बाकी त्यात विशेष काही नाही). दंडावर टोक खाली असलेल्या दोन फिती कॉर्पोरलच्या, तीन सार्जंटच्या. डाव्या मनगटाजवळ टोक वर असलेल्या फिती मात्र चांगल्या वर्तणुकीच्या. त्या साध्या शिपायालाही मिळत. तीन फिती दिसल्या की 'सार्जंट' ठोकून देणारे हमखास इथेच आपटतात.

तुमची निशाणं म्हणजे बिल्ला, अंगच्या कसबाचा. नाल असेल तर नालबंद, टाचेची आर असेल तर चाबूकस्वार, फुलीतल्या बंदुका असतील तर नेमबाज. फुलीतली निशाणं झेंड्यांनी संदेश देणाऱ्याची. मी याला 'कसबबिल्ला' म्हणतो. 'प्रावीण्यदर्शक बाहुचिन्ह' सुचवणाऱ्यांनी ते एकदा एका दमात म्हणून दाखवावं.

पण खरी गंमत बिल्ल्याच्या एका विस्मृतीत गेलेल्या भावंडात आहे: चपरास. पट्ट्यावर लावलेला कचेरीचा पितळी बिल्ला म्हणजे चपरास, तो मिरवणारा चपराशी. (शिपाई सैन्यातून कचेरीत आला, चपराशी तिथलाच.) आणि माझ्या मते चपरास म्हणजे फारसी 'चप-ओ-रास्त', डावं आणि उजवं! रास्त भावाच्या दुकानातला 'रास्त' तो हाच: सरळ, म्हणून योग्य, आणि म्हणून उजवाही.

ही लोकांनी रचलेली व्युत्पत्ती, असं नाक मुरडणारे पुष्कळ. त्यांचा आधार भारतीय भाषांचे इंग्रज अभ्यासक जॉन बीम्स, कारण त्यांनी चपरासचा मूळ अर्थ 'बक्कल' दिला. अहो, बक्कल करतो काय? पट्ट्याचं डावं टोक उजव्याला जोडतो! म्हणजे बीम्ससाहेबांनी माझीच बाजू मांडली, फक्त त्यांना ते कळलं नाही. आणि बक्कलाचा बिल्ला होतो का, असं विचारणाऱ्यांनी एखाद्या पोलीस हवालदाराला त्याचा 'बक्कल नंबर' विचारावा. शेवटचा 'त' कुठे गेला, ही दुसरी शंका. 'जबरदस्त' म्हणताना त्यातला 'त' किती जणांच्या तोंडून बाहेर पडतो, ते ऐकत जा.

डावं-उजवं बाहीवरही फार महत्त्वाचं. अमेरिकी नौदलात 1949 पर्यंत डेकवरच्या खलाशी शाखेचा बिल्ला उजव्या दंडावर असे, इतर शाखांचा डाव्या. त्यानंतर सगळे डावीकडे आले. म्हणजे त्या बदलाआधीच्या काळात नुसत्या दंडावरून शाखेचा अंदाज बांधता येई.

हां, तुमचा सैनिक. निशाणं कुठल्या बाहीवर आहेत ते तुम्ही लिहिलेलंच नाही. बघाल तेव्हा आधी कोटाच्या गुंड्या पाहा. पुरुषी कोटाची डावी कडा वर असते. उजवी वर दिसली, तर छायाचित्रच उलटं छापलं गेलंय.